सुट्ट्या पैशांत सापडलेलं नाणं ग्रेडिंगला पाठवण्याआधी

सुट्ट्या पैशांत वेगळं नाणं हाती लागलं की पहिला मोह होतो तो घासूनपुसून चकचकीत करण्याचा. तेवढं मात्र करू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीच नको. घासल्यावर उठणारे बारीक समांतर ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात. मग पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या, नाणं तपासून त्याच्या दर्जाचा आकडा म्हणजे ग्रेड देणाऱ्या संस्था आकडा न देता नुसता 'डिटेल्स' (म्हणजे नाणं घासलेलं किंवा बिघडलेलं) असा शेरा मारतात आणि भाव पडतो. नाणं कडेने धरा आणि पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) नसलेल्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीमुळे धातूवर हिरवट चिकट थर चढतो.

ग्रेड 1 ते 70 अशी असते. 60 आणि त्यापुढचे आकडे न वापरलेल्या नाण्यांचे, त्यामुळे खिशाखिशांतून फिरलेल्या नाण्याकडून फार आशा नको. आधी त्याच साल-टांकसाळीची, तशाच झिजेची नाणी लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली ते बघा; विक्रेत्याने लावलेली किंमत धरू नका. फी, विमा आणि दोन्हीकडचं टपाल मिळून खर्च लिलावातल्या भावाहून जास्त होत असेल, तर नाणं सरळ अल्बममध्ये ठेवा. आणि हो, 'छपाईतली चूक' वाटणारी खूण बहुतेकदा नंतर बसलेला ठोका असतो.