धीर धरा म्हणतात, पण धरायचा कसा?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाच्या घरी दुखणं शिरलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "धीर धरा." मी स्टाफ नर्स म्हणून रिटायर झाले. वॉर्डात नातेवाइकांना हेच सांगत आले, आणि आता पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं करताना तेच ऐकते. सांगणारा सांगतो आणि मंगळवारी बाजारात भाजी घ्यायला निघून जातो. रात्री दोन वाजता ओली चादर बदलताना धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. त्यात बायबलातलं याकोबाचं पत्र तर आणखी पुढचं मागतं. नाना प्रकारच्या परीक्षा आल्या की आनंद माना, म्हणतो तो. आनंद!

हे करायचं कसं, ते एका नर्सच्या पद्धतीने लिहिते. चर्चचे पाळकसाहेब कदाचित वेगळ्या क्रमाने सांगतील, त्यांचंही ऐका.

आधी जेवा आणि झोपा. थट्टा नाही करत. एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन रानात एका झुडपाखाली पडला होता (पहिले राजे, अध्याय 19), तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत आला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी होतं, ऊठ, खा म्हणाला. एलीया खाऊन पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा जेवण. वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, हे दूतानेच कबूल केलं. प्रश्नोत्तरं झाली ती त्यानंतर, होरेब डोंगरावर.

म्हणून आजाऱ्याचं करणाऱ्या बायांना माझं पहिलं सांगणं बायबलच्या पानावरचं वाटतच नाही. स्वतःचं बीपी आणि शुगर तपासून घ्या. आजाऱ्याला भरवून झाल्यावर ओट्याशी उभ्याने काहीबाही तोंडात टाकू नका, ताट वाढून बसा. दुपारी तासदीड तास कुणाला तरी आजाऱ्याजवळ बसवा आणि दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. नवतपात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा तर हे चुकवूच नका. आणि पंधरा दिवस झोप उडालेली आहे, कशातच मन लागत नाही, जगू नये असं वाटतं, असं काही असेल तर त्याला विश्वासाची कमतरता म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आमच्या नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचाराची ओपीडी आहे. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्रीही लागतो. गोळी घेऊनही प्रार्थना करता येते, उलट जरा नीट करता येते.

दुसरं, तक्रार करा. देवाकडेच करा, आणि मोघम करू नका. आमच्या लोकांची एक खोड आहे. देवाने काय केलं याची मंडळीपुढे साक्ष द्यायला उभं राहिलं की सगळं हसून सांगायचं, जणू रडलं तर प्रभूची बदनामी होईल. बायबलातली स्तोत्रसंहिता असली लाज धरत नाही. तेरावं स्तोत्र काढा. सहाच वचनं, त्यातल्या पहिल्या दोनांत "कोठवर" हा प्रश्न चारदा. शेवटच्या वचनात गाणं आहे खरं, पण तिथे पोचायला आधीची पाच वाचावी लागतात. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. त्याला शेवटी एखादी गोड ओळ जोडावी असं कुणालाही वाटलं नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या दिवशी माझ्याकडे काहीच नसतं त्या दिवशी मला तेच बरं वाटतं.

कृती अशी. साधी शंभर पानी वही घ्या. सकाळी एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मनात वाचलं तर डोळे पुढे जातात आणि डोकं गॅसवरच्या दुधात राहतं. मग वहीत आपलं स्वतःचं "कोठवर" लिहा. फिजिओथेरपीवाल्याला द्यायचे पैसे कोठवर पुरतील. दीर फोन उचलत नाहीत, कोठवर. बाप्तिस्म्याच्या वेळी घातलेल्या कपड्यांसारखी धुतलेली भाषा नको, भांडताना बोलतो तशीच लिहा. त्याच्या खाली दुसरी एक ओळ: आज काय मिळालं. ही ओळ छोटी आणि खरी हवी. "आज त्यांनी डाव्या हाताने चमचा धरला." "शेजारच्या ताईंनी विचारल्याशिवाय डबा आणला." "लाइट गेली नाही." काहीच सापडलं नाही तर जागा कोरी सोडा, खोटं भरू नका.

माझ्या मते आनंद हाती लागतो तो इथे, या दुसऱ्या ओळीत. त्याच दिवशी लागत नाही. दोन-तीन महिन्यांनी वही मागे चाळताना लक्षात येतं की ज्या पानावर वरची ओळ सगळ्यात कडू आहे, त्याच पानावर खालीही काहीतरी लिहिलेलं आहे, आणि ते मी लिहून विसरूनही गेले होते. तेव्हा अंगावरचं ओझं कमी होत नाही, पण या खोलीत मी एकटी नव्हते एवढं कळतं. याला मी आनंद म्हणते. हसू येईलच असं नाही. उपासनेत टाळ्या वाजवण्याचा आनंद निराळा, तोही असू द्या.

रोज एक धरलं तर 150 स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. अँग्लिकन मंडळीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात ती तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळांत वाटून दिलेली आहेत. ज्यांच्या घरी आजारी माणूस नाही त्यांनी तसं करून पाहावं. आपल्याला एक पुरे.

तिसरं, गा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. ख्रिस्ताचा प्रचार करणारे पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात आहेत, पाठीवर फटक्यांचे वळ, पाय खोड्यात. मध्यरात्री ते प्रार्थना करतात आणि गातात, बाकीचे कैदी ऐकत असतात. प्रवचनात आपण घाईघाईने भूकंपावर आणि उघडलेल्या दारांवर जातो. पण गाणं आधी आहे, दारं बंद असताना. आणि मला नर्स म्हणून पुढचं एक वचन फार आवडतं: त्याच रात्री तुरुंगाच्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या. म्हणजे गाताना त्या जखमा तशाच उघड्या होत्या. पुढे याच फिलिप्पैच्या मंडळीला पौलाने पत्र लिहिलं तेव्हाही तो बंदिवासातच होता, आणि त्या पत्रात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो.

गाण्याची वेळ ठरवून टाका, मूडवर सोडू नका. आमच्याकडे संध्याकाळी दिवे लागले की एक गीत होतं. नवऱ्याची वाचा पूर्ण परत आलेली नाही, तरी सूर लागतो, बोलण्यापेक्षा गाण्यातले शब्द त्यांना जास्त सापडतात. पक्षाघाताच्या काही रुग्णांत असं दिसतं, डॉक्टरही गायला सांगतात. नव्या इंग्रजी-हिंदी कोरसपेक्षा लहानपणापासून पाठ असलेली मराठी गीतं घ्या. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे ख्रिस्ताची भक्ती आपल्या अभंग-ओवीच्या वळणात आणली. थकलेल्या माणसाच्या तोंडी तेच वळण आपोआप येतं.

आता जरा ताणाविषयी. माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याचं. बहार धरायचा म्हणजे झाडाचं पाणी तोडायचं, त्याला ताण द्यायचा, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीत, मृगाला उन्हाळ्यात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, मग पाणी दिलं की फुलोरा येतो. रोमकरांस पत्रात पौल संकट, धीर, शील, आशा अशी साखळी लावतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बाबांचा बगीचा येतो. पण बाबा रोज झाडाखाली जाऊन पानं बघत. हलक्या जमिनीत ताण कमी दिवसांचा, काळ्या भारी जमिनीत जास्त. दिवस चुकले तर झाड वाळतं, बहार राहिला बाजूला. प्रवचनात ताणाचं सांगतात, हे पाहणं राहून जातं.

म्हणून स्पष्ट लिहिते. नवरा मारतो आणि घरचे "सोस बाई, हा तुझा वधस्तंभ आहे" म्हणतात, तर तो वधस्तंभ नाही. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा, माहेरी जा, मंडळीतल्या ज्या बाईवर भरवसा आहे तिला सांगा. सहन करण्याचं वचन दुसऱ्याच्या तोंडावर फेकण्यासाठी लिहिलेलं नाही. आजारपण, म्हातारपण, नोकरी नसणं, मूल दुरावणं, ज्यातून पळून जाता येत नाही किंवा पळून जाणं प्रेमाला पटत नाही, तिथे हे सगळं लागू.

फळ आपल्याच डोळ्यांना दिसेल असा हट्टही सोडा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, पुढच्या वर्षी शाळा काढली, आणि 4 सप्टेंबर 1863 ला बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं 1883 मध्ये. आज तिथे शिकणाऱ्या पोरांना हिस्लॉप म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं कॉलेज, बास. दुसरं उदाहरण माझ्या विशेष आवडीचं आहे, कारण त्यात शौर्य अजिबात नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याची बोलणी सुरू झाली होती 1929 मध्ये. एक्केचाळीस वर्षं कमिट्या! ज्यांनी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीची एक बैठक जरी शेवटपर्यंत बसून काढली आहे त्यांना यातला धीर कळेल. पहिल्या बैठकांना आलेल्यांपैकी कितीतरी जण तो दिवस बघायला उरले नसणार.

एकटीने हे जमत नाही. घरगुती प्रार्थनासभेला जाता येत नसेल तर सभा घरी बोलवा, चहा-बिस्किटांपलीकडे काही करू नका, आणि आजाऱ्याला आत लपवू नका, खाट हॉलमध्ये घ्या. प्रार्थना-विनंती "घरच्यांसाठी" अशी गोल सांगू नका. "गुरुवारी मेडिकलला न्यायचं आहे, ऑटोत चढवायला एक माणूस हवा" अशी सांगा. मागितलेल्या गोष्टीसाठी प्रार्थना करता करता माणूसच मिळून जातो, आणि ज्याने हात लावला त्याच्याही घरी त्या दिवशी थोडा आनंद जातो. भेटायला येणाऱ्यांना एवढंच सांगते: उपदेश दारात काढून ठेवा, येताना पोळ्या आणा.

पहिल्या आठवड्यात सगळं धरू नका. वही आणा आणि फिलिप्पैकरांस पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचा. चारच अध्याय, 104 वचनं, कुकर होईपर्यंत निम्मं होतं. आणि एक फोनची जोडीदारीण शोधा, आपल्यासारखीच घरात अडकलेली, जिला रोज पाच मिनिटांत आपल्या वहीतल्या दोन्ही ओळी वाचून दाखवायच्या आणि तिच्या ऐकायच्या. सल्ला द्यायचा नाही, दोघींनीही. माझी जोडीदारीण मोहननगरला राहते. तिला मी सकाळी सहाला फोन करते, कारण रात्री नऊनंतर तिची सिरियल असते आणि तेव्हा ती प्रभूचंही ऐकत नाही.