हलक्या किट कारचे स्प्रिंग आणि डॅम्पर जुळवताना या चुका टाळा

लोटस सेव्हनच्या धाटणीची, म्हणजे उघडी, दोन आसनांची, पाच-साडेपाचशे किलोंची किट कार सुट्या भागांतून स्वतः जोडणारा माणूस इंजिन आणि वायरिंग यांवर महिनोन्महिने घालवतो, पण सस्पेन्शन मात्र एका रविवारी उरकतो. पुढे गाडी खड्ड्यात आपटू लागली किंवा वळणावर अवचित सुटू लागली की पहिला संशय स्प्रिंगवर जातो आणि बहुधा आणखी कडक स्प्रिंगा मागवल्या जातात. अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी बहुतेकींच्या स्प्रिंगांमध्ये काहीही दोष नव्हता.

ज्या चुकीबद्दल मी समोरच्याला कंटाळा येईपर्यंत बोलतो, ती विशबोनच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या हाताच्या) बुशांची, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरी नळ्यांची आहे, कारण ती मी स्वतः केलेली आहे. माझी दुसरी गाडी पुढून ठरल्यापेक्षा बोटभर उंच बसत होती आणि बारीक खड्ड्यावरही दणका देत होती. मी कॉलर (स्प्रिंगचे टोक धरणाऱ्या, फिरवून वर-खाली होणाऱ्या कड्या) खाली फिरवल्या, मग मऊ स्प्रिंगा बसवल्या, मग चांगले चालणारे डॅम्पर (स्प्रिंगचे डोलणे शमवणारे शॉक अब्सॉर्बर) काढून दुसरे घातले, आणि यात तीन महिने गेले. शेवटी एक फाटलेले बुश बदलण्यासाठी, गाडी चाकांवर उभी असतानाच, मी आतल्या बाजूचे बोल्ट सैल केले, तेव्हा एक कुरकुर ऐकू आली आणि पुढचा भाग माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला. गाडी जोडताना चाके लोंबकळत असतानाच मी ते बोल्ट पूर्ण आवळले होते. या प्रकारच्या बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते, आणि बोल्ट आवळला की आतली नळी चासीशी जखडली जाते. पुढे विशबोन हलला की रबर पिळले जाते. मी केलेल्या जोडणीत ते सतत पिळलेल्या अवस्थेत राहून चाकाला खाली ढकलत होते, म्हणजे मी कधीही न मोजलेली चार जादा स्प्रिंग गाडीत बसवलेली होती. जड गाडीत हा पीळ फारसा जाणवत नाही, हलक्या गाडीत मात्र तो स्प्रिंगच्या कामात मोठा वाटा उचलतो.

त्यामुळे आता मी हे बोल्ट शेवटी आवळतो. चालकाच्या आसनावर माझ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवतो, टाकी अर्धी भरतो, गाडी चाकांवर उभी करून दोनदा मागे-पुढे ढकलतो आणि मगच पाना हातात घेतो. उंची मोजताना चासीच्या खालच्या नळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर घेतो, कारण अशा अनेक गाड्यांचे पुढचे मडगार्ड चाकाबरोबरच वर-खाली होतात आणि तिथून घेतलेले माप काहीच सांगत नाही. पिशव्या ठेवण्याचा ज्यांना कंटाळा येतो त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की ८० किलोंचा चालक म्हणजे ५५० किलोंच्या गाडीवर जवळजवळ १५ टक्क्यांचा भार असतो, आणि तोही एका बाजूला.

दुसरी चूक आकडा उसना घेण्याची आहे. दुसऱ्याच्या गाडीत ५० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग छान चालते, म्हणून तीच आपल्या गाडीत घालणे हा आळस आहे, मग तो कितीही आत्मविश्वासाने केलेला असो. चाक १० मिलिमीटर वर गेल्यावर डॅम्पर ७ मिलिमीटर दबत असेल, तर गुणोत्तर ०.७ झाले. तरफेमुळे बल आणि हालचाल दोन्ही घटतात, म्हणून या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो. ०.४९ ने गुणल्यावर त्या स्प्रिंगचे चाकापाशी २४.५ च उरतात, आणि गुणोत्तर ०.६ असलेल्या गाडीत तीच स्प्रिंग केवळ १८ देते. हे माप घेण्यासाठी मी स्प्रिंग काढून नुसता डॅम्पर बसवतो, चाक जॅकने थोडे थोडे उचलतो आणि डॅम्परच्या दोन्ही टोकांच्या बोल्टांमधले अंतर वहीत लिहीत जातो. त्यासाठी अर्धा तास पुरतो. पुढे त्या चाकावरचे स्प्रिंगखालील भाग वगळून उरलेले वजन १२० किलो आणि चाकापाशी १५ न्यूटन प्रति मिलिमीटर असेल, तर तो कोपरा सेकंदाला सुमारे १.८ वेळा डोलतो. रस्त्यावर चपळपणे चालवायच्या गाडीला मी याच्या आसपास राहतो. २ च्या बरीच वर गेलेली गाडी सपाट ट्रॅकवर शोभते, पण खराब रस्त्यावर तिची चाके जमीन सोडू लागतात, आणि नवशिक्याला त्या उसळीतच वेगाचा भास होतो.

कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, हा समज तर काही केल्या जात नाही. साध्या, एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा कॉलरने बदलत नाही. बदलते ती उंची, आणि एक कोपरा उचलला की त्याच्यावरचा व त्याच्या तिरप्या समोरच्या चाकावरचा भार वाढतो. वजनकाट्यांवर चारही कोपरे जुळवायला घेण्यापूर्वी अँटी-रोल बारचा (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या, दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या दांडीचा) एक दुवा सोडवावा, नाहीतर काटे बारमधला ताणच मोजत बसतात.

डॅम्परचा कडकपणा बदलणाऱ्या बटणाचे क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजावेत आणि बंद करताना जोर लावू नये. रिबाउंड, म्हणजे डॅम्परचा उघडतानाचा विरोध, फार वाढवले, तर लागोपाठच्या खड्ड्यांवर स्प्रिंगला परत उघडायला वेळ मिळत नाही, गाडी पायरी-पायरीने खाली खेचली जाते आणि बम्प स्टॉपवर (दबण्याच्या शेवटी असलेल्या रबरी अडथळ्यावर) टेकते. तिथे चालकाला ती कडक वाटते, आणि तो डॅम्पर आणखी आवळतो! डॅम्परच्या दांड्यावर एक बारीक केबल टाय बांधून चक्कर मारली, की तो कुठवर सरकला यावरून दांडा किती आत गेला ते लगेच कळते.

एका वेळी एकच बदल करावा. टायरमध्ये मोठ्या गाडीसारखे ३० पीएसआय भरू नयेत, एवढ्या वजनाला मी १८ ते २० पासून सुरुवात करतो. आणि स्प्रिंगचा कडकपणा दुप्पट केला, तर डॅम्परचे दमनही सुमारे १.४ पट लागते, म्हणून जुन्या डॅम्परवर नुसत्या कडक स्प्रिंगा चढवलेली गाडी मी चालवून पाहण्याआधीच परत पाठवतो.