टेक्सासमध्ये बेकारी भत्त्याचा अर्ज भरताय? ड्रग टेस्टचं आधी समजून घ्या

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला मंडळातल्या एका मुलाचा फोन आला. आयटीतला. त्याच दिवशी नोकरी गेलेली. "ताई, भत्ता द्यायच्या आधी लघवी तपासतात म्हणे. मी मागे गोव्यात..." पुढचं मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, बाबा, तू एच-वन-बीवर, म्हणजे एकाच मालकाशी बांधलेल्या कामाच्या व्हिसावर आहेस. नोकरी गेली की लगेच दुसरीकडे कामाला लागायची मोकळीक तुला नाही, त्यामुळे भत्ता तुला सहसा मिळतच नाही. नवा मालक शोधायला नाहीतर देश सोडायला तुझ्या हातात जास्तीत जास्त 60 दिवस आहेत, ते मोज.

हे पुढचं ग्रीन कार्डवाल्यांसाठी आणि वर्क परमिट असलेल्यांसाठी. मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ अर्व्हिंगला राहते. सात वर्षं पार्किंग लॉट ते एअरपोर्ट अशी शटल बस चालवली. कंपनीचं कंत्राट गेलं आणि आम्ही सगळे घरी. भत्ता घ्यायला लाजू नका. तो मालकाने भरलेल्या करातून येतो आणि पब्लिक चार्जमध्ये, म्हणजे इमिग्रेशनवाले बघतात त्या 'सरकारवर भार' असण्यात, धरत नाहीत.

आता टेस्ट कोणाची? सरसकट सगळ्यांची नाही. 2012 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना दोनच गटांची मुभा दिली. एक, ज्यांना मागच्या नोकरीवरून अमली पदार्थांमुळेच काढलं. दुसरा, ज्यांना जमेल असं काम फक्त नेहमी ड्रग टेस्ट होणाऱ्या धंद्यातच आहे. टेक्सासने 2013 मध्ये तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरींच्या सहीने आपला कायदा केला. पण दुसऱ्या गटात नेमके कोणते धंदे, हे ठरवणारा केंद्राचा नियम 2016 मध्ये आला, 2017 मध्ये रद्द झाला आणि 2019 मध्ये नव्याने आला. सीडीएलवर, म्हणजे जड वाहनांच्या लायसन्सवर, बस-ट्रक चालवणारे आपण त्यात बसतो.

म्हणून अर्जात दोन जागी सावकाश लिहा. नोकरी का गेली, तिथे आपली माणसं सर्रास 'टर्मिनेट' लिहितात. कंत्राट संपून गेली असेल तर 'ले-ऑफ' लिहा. 'टर्मिनेट' वाचलं की चौकशी मागे लागते. दुसरं, पूर्वीची सगळी कामं लिहा. मी सांगलीत पतपेढीत हिशेब लिहायचे, तेही टाकलं. जमेल असं काम म्हणजे फक्त बसच, असं मग उरत नाही. खोटं मात्र काही लिहू नका.

टेक्सासच्या कायद्यात आधी प्रश्नावली आहे. उत्तरांवरून संशय आला तरच टेस्ट. त्यात नापास झालात, तर पुन्हा पास होईपर्यंत भत्ता नाही, आणि ती दुसरी टेस्ट चार आठवड्यांच्या आत होत नाही. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधाला सूट आहे.

आणि आपलं स्वयंपाकघर! खसखस म्हणजे अफूचंच बी, त्यातून मॉर्फिन लघवीत उतरू शकतं. केंद्रीय टेस्टमध्ये मॉर्फिन पॉझिटिव्ह धरायची मर्यादा 1998 मध्ये मिलिलिटरला 300 वरून 2000 नॅनोग्रॅम केली, ती याच भानगडीमुळे. टेस्टच्या आधी चार-पाच दिवस मी अनारसे आणि खसखस घातलेलं वाटण बंद ठेवते. होळीची थंडाई कोणी केली, त्यात भांग आहे का, हे विचारूनच पेला उचला. कोडीनही अफूच्याच घराण्यातलं, म्हणून भारतातून आणलेलं कोडीनचं कफ सिरप तुमच्या नावाच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय घेऊ नका. नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी चालत नाही.

टेस्ट कशी असते, ते मी नोकरीत अनेकदा दिली म्हणून सांगते. पर्स, जॅकेट बाहेर. खिसे उलटे करून दाखवायचे. संडासातलं पाणी निळं केलेलं असतं, नळ बंद. फ्लश करायचा नाही. पेल्यावरच्या पट्टीवर नमुन्याचं तापमान बघतात, 90 ते 100 फॅरनहाइट हवं. मग तुमच्या डोळ्यांदेखत तो दोन बाटल्यांत ओततात. सील लागल्याशिवाय तिथून हलू नका, सीलवर आपली आद्याक्षरं स्वतः घाला. पहिल्या वेळी मला लाजेने लघवीच होईना. ड्रायव्हरांच्या नियमात त्याचीही सोय आहे: तीन तास थांबू देतात, तेवढ्यात 40 औंसांपर्यंत पाणी पाजतात. मी अडीच तास बसले, समोर टीव्हीवर कुठलीशी कुकरी स्पर्धा.

नोकरीतल्या या टेस्टचा रिपोर्ट पॉझिटिव्ह दिसला, तर मालकाला कळवण्याआधी मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर, म्हणजे एक डॉक्टर, तुम्हाला फोन करतो. अनोळखी नंबर म्हणून कापू नका. औषधाचं नाव आणि चिठ्ठी तयार ठेवा. ड्रायव्हरच्या टेस्टमध्ये दुसरी बाटली तपासून मागायला त्या फोननंतर 72 तास मिळतात.

भत्ता नाकारल्याचं पत्र आलं, तर अपिलाला 14 दिवस. तेही पत्र हातात पडल्यापासून नाही, पत्र टपालात टाकल्याच्या तारखेपासून, रविवार धरून. माझं पत्र शेजाऱ्याच्या पेटीत पडलं होतं. मिळालं तेव्हा नऊ दिवस उलटले होते.