कांद्याचे गोंडे पोचट निघतायत? फुलोऱ्यातल्या या चुका टाळा

घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, धरणाऱ्यांची हल्ली एकच तक्रार: गोंडे (फुलांचे गुच्छ) टपोरे दिसतात, पण चोळले की निम्मं बी पोचट. मग खापर फुटतं बेण्यावर, म्हणजे बियांसाठी लावलेल्या कांद्यांवर. बेणं वाईट असू शकतं, पण आधी फुलोऱ्यातली हवा आठवा. कांद्याच्या फुलात पराग आधी मोकळा होतो आणि स्त्रीकेसर त्यानंतर तयार होतो. त्यामुळे पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेणारी मधमाशी लागतेच, वाऱ्यावर भागत नाही.

2023 चा फेब्रुवारी, सरासरी कमाल तापमान पाहिलं तर, 1901 पासूनचा देशातला सर्वांत तापलेला फेब्रुवारी ठरला. असं ऊन ऐन फुलोऱ्यात आलं की पराग वाळतो, मकरंद घट्ट होतो आणि माश्या मकरंद सोडून पोळं गार ठेवायला पाणी वाहू लागतात. अवकाळीचं आभाळ आलं तर त्या बाहेरच पडत नाहीत.

कारण न शोधता औषध मारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याऐवजी दहा गोंड्यांना रंगीत दोरा बांधा. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, दिवसाआड, तळहाताने एक गोंडा हलकेच कुरवाळा आणि तोच हात दुसऱ्यावर फिरवा. फुलोरा संपेपर्यंत हे चालू ठेवा. काढणीला दोऱ्याचे गोंडे भरलेले आणि बाकीचे पोचट निघाले, तर माश्या कमी पडल्या. दोन्ही पोचट असतील तर ऊन, पाण्याचा ताण किंवा फुलकिडे यांच्याकडे वळा.

फुलकिड्यांचा बंदोबस्त फुलं उमलण्याआधीच उरका. ‘संध्याकाळी फवारलं की माशीला धोका नाही’ हे अर्धसत्य आहे. थायामेथोक्झामसारख्या आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणाऱ्या) औषधाचा अंश दुसऱ्या सकाळीही फुलात असतो.

गुळाचं पाणी फवारण्याची तर फॅशनच झालीय. माशी पानावरचा गोडवा चाटते आणि फुलात शिरायचं कारणच उरत नाही. मला हा उपाय पटत नाही.

मधमाश्यांच्या भाड्याच्या पेट्या फुलोरा सुरू होण्याआधी आणू नका. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, माशीला तो फारसा आवडत नाही; तोवर ती शेजारच्या मोहरीची वाट धरते. साधारण दहा टक्के फुलं उमलली की रात्री पेट्या आणा, सावलीत ठेवा, जवळ पाण्याचं उथळ भांडं हवंच. त्यात खडे टाका, नाहीतर माश्या बुडतात.

फुलोऱ्यात तुषार सिंचन बंद, पराग धुऊन जातो. ठिबकने हलकं पाणी द्या. आणि आभाळ दोन-तीन दिवस हटलंच नाही, तर वर सांगितलं तसं हातानेच परागीभवन करा. एकराला ही मजुरी परवडत नाही, पण घरापुरत्या चार-पाच गुंठ्यांना जमते.