जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स: बनवायचा की बदलायचा?

‘गिअर दुसऱ्यातून निसटतो’ एवढं सांगितलं की मिस्त्री दोनपैकी एक वाक्य बोलतो. ‘कशाला खर्च करता, दुसरा बॉक्स टाकू’, नाहीतर ‘बेअरिंगं बदलू, मख्खन होईल’. दोन्ही वाक्यं बॉक्स न खोलताच बोललेली असतात. महिंद्राच्या एफसी-१५०चे टी-९० बॉक्स मी मोजायचे सोडून दिलेत इतक्यांदा उतरवले आहेत, आणि माझं मत पक्कं झालंय. बनवायचा की बदलायचा हे आतले दाते ठरवत नाहीत, केसिंग, म्हणजे बॉक्सचं बिडाचं कवच, ठरवतं.

ज्यांना एफसी आठवत नसेल त्यांच्यासाठी: चपट्या तोंडाचा, दोन सीटांच्या मधोमध इंजिन असलेला तो छोटा ट्रक. महिंद्राने तो १९६५ पासून इथे बनवला. त्यातला टी-९० बॉक्स जुन्या विलीज जीपमध्येही असायचा, म्हणून त्याचे पार्ट आजही मिळतात. तीन गिअर पुढचे, एक रिव्हर्स. पहिल्याला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवून गिअर अलगद बसवणारी रचना, नाही. चालत्या गाडीत पहिला टाकताना करकर झाली तर बॉक्स बिघडलेला नाही, चालवणारा शिकायचा राहिलाय. एवढ्यासाठी बॉक्स उतरवलेले लोक मी पाहिलेत.

आधी रस्त्यावर ऐका. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, क्लचवरून पाय काढलेला. आवाज येतो आणि क्लच दाबला की जातो? मग टॉप शाफ्टचं (क्लचकडून बॉक्समध्ये येणारा शाफ्ट) बेअरिंग किंवा खालचा क्लस्टर (एकाच तुकड्यातला गिअरांचा संच). क्लच दाबल्यावरच आवाज येतो? मग क्लच बेअरिंग, गिअरबॉक्सला हात लावू नका. पहिल्या-दुसऱ्यात घरघर आणि तिसऱ्यात शांत असेल तर बोट क्लस्टरकडेच, कारण तिसरा डायरेक्ट असतो, म्हणजे ताकद सरळ मागे जाते, त्यात क्लस्टरवर भार येत नाही. फोर-व्हील ड्राइव्हची गाडी असेल तर ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) मधला, इंटरमिजिएट शाफ्ट आधी तपासा. तो झिजला की अगदी गिअरबॉक्ससारखा रडतो.

दुसरा निसटत असेल तर उतरवण्याआधी बेलहाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचवरचं घर) बोल्ट आणि इंजिनाची रबरी माउंटिंगं बघा. फुकटात होतं. गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या सिलेक्टरच्या गोळ्या आणि स्प्रिंगाही बघा, त्यांना फार पैसे पडत नाहीत.

ऑइल काढा, चुंबक फिरवा. पिवळसर चकाकी ही सिंक्रोच्या पितळी रिंगांची, ती थोडी असणारच. चुंबकाला तुकडे चिकटले तर ते दात्यांचे.

बॉक्स उतरवा, खोला, डिझेलने धुवा. यात सांगण्यासारखं काही नाही. पुढचं मात्र नीट वाचा, कारण इथेच मी दोनदा पैसे बुडवले.

पहिल्या ट्रकच्या वेळी मी केसिंगकडे पाहिलंच नाही. नवा क्लस्टर, नवा काउंटर शाफ्ट, निडल रोलर (सुईसारखे बारीक रोलर), रिंगा, बेअरिंगं, सगळं नवं भरलं. चार महिन्यांनी आंबा घाट साखरप्याकडे उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की दुसरा बाहेर. उरलेला घाट डाव्या हाताने लिव्हर दाबून धरून उतरलो.

कारण असं. टी-९०मध्ये काउंटर शाफ्ट स्वतः फिरत नाही, त्याच्यावर निडल रोलरवर क्लस्टर फिरतो. शाफ्टच्या मागच्या टोकाला खाच असते. त्यात एक लॉक प्लेट बसते आणि ती हा शाफ्ट व रिव्हर्सचा शाफ्ट, दोघांनाही धरून ठेवते. प्लेट झिजली किंवा तिचा बोल्ट सैल झाला की शाफ्ट बिडाच्या भोकात फिरायला लागतो आणि भोक अंड्यासारखं करतो. मग क्लस्टर वाकडा चालतो, दाते टोकावर लागतात, गिअर निसटतो. वर त्या सैल भोकातून ऑइल पुढे क्लचमध्ये झिरपतं. लोक त्याला सील गळतंय म्हणतात आणि सील बदलत बसतात.

तपासायची रीत: नवा शाफ्ट विकत आणा. जुना शाफ्ट जुन्या भोकात घालून बघणं हा मूर्खपणा आहे. दोघं एकमेकांना झिजवत आलेले असतात, छानच बसतात. नवा, कोरडा शाफ्ट पुढच्या भोकात ढकला. लाकडी हातोड्याचे हलके ठोके लागले पाहिजेत. अंगठ्याने आत गेला आणि डुलला, फट मोजायच्या फीलरची पातळ पट्टी एकाच बाजूने शिरली, तर भोक गेलेलं आहे. बहुतेक वेळा ते मेन शाफ्टपासून (वरचा मुख्य शाफ्ट) लांबच्या बाजूला खाल्लेलं असतं. आत आरशासारखी चकाकी दिसली तर शाफ्ट फिरत होता याची खात्रीच.

बेअरिंगच्या घरांवरही बॅटरी मारा. कडेने पंचाचे टिपके दिसले तर आधीच्या मिस्त्रीने सैल बेअरिंग ‘टाइट’ केलंय. तो टाइटपणा फार दिवस टिकत नाही. थ्रस्ट वॉशरने (क्लस्टरच्या टोकाशी बसणारी चकती) आतली भिंत ओरबाडली आहे का ते बघा. क्लस्टरची पुढे-मागे हालचाल ०.३० ते ०.४५ मिलिमीटरमध्ये राहिली पाहिजे. ती मागच्या पोलादी वॉशरच्या जाडीने साधतात, पण भिंतच खड्डेदार असेल तर वॉशर काय करणार? तड्यासाठी रॉकेल लावून पुसा आणि खडू फासा. तडा असेल तर ओली रेघ उमटते.

दुसऱ्यांदा पैसे बुडाले ते बुश मारण्यात, म्हणजे झिजलेल्या भोकात नळी बसवण्यात. एका वर्कशॉपने भोक उभ्या ड्रिलवर मोठं करून बुश ठोकला. सेंटर सरकलं. पहिल्या-दुसऱ्यात बॉक्स असा किंचाळायचा की सिग्नलला माणसं वळून बघायची. हे काम हॉरिझॉन्टल बोरिंग मशीनवर, मेन शाफ्टच्या घरावरून सेंटर घेऊनच व्हायला हवं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम जाणणारी माणसं आहेत. ‘मशीनवर सेंटर कुठून घेणार?’ एवढं विचारा. उत्तर अडखळलं तर केसिंग उचला आणि निघा.

आता निर्णय. केसिंग चांगलं असेल तर बनवा, आतलं सगळं भंगारात गेलं तरी बनवा. भोक गेलंय पण तडा नाही, तर वर सांगितलं तसं बोरिंग, नाहीतर दुसरं टी-९० केसिंग शोधून आतला माल त्यात भरा. हा मधला मार्ग कोणी सुचवत नाही, कारण त्यात कमिशन कमी. तडा असेल तर बदला. बिडाच्या वेल्डिंगवर गिअरबॉक्स चालवू नका.

जुना बॉक्स घेताना कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असा की आणखी कुठे, वरचं झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. दाते मोजा. पहिल्या गिअरचा रेशो एका प्रकारात साधारण २.८, तर दुसऱ्यात ३.३. एकाचा क्लस्टर दुसऱ्याच्या गिअरांशी जुळत नाही.

महिंद्राच्या डिझेल जीपमधला चार गिअरचा केएमटी-९० टाकावा का? रोज भार ओढायचा असेल तर विचार करा, पण बेलहाउसिंग, क्लच प्लेट, लिव्हरची लिंकेज आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी, हे चारही खर्च आधी लिहून काढा. हौसेचा ट्रक असेल तर माझं उत्तर नाही. टाकलाच तर जुना बॉक्स विकू नका, ऑइल लावून गोणपाटात बांधून ठेवा.

भरताना जीएल-४ दर्जाचं, ९० नंबरचं ऑइल. जीएल-५ पितळी रिंगांना मानवत नाही, दुकानदार काहीही म्हणो. फोर-व्हीलच्या गाडीत २०० किलोमीटरनंतर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्हींची पातळी एकाच वेळी बघा. एकाची उतरली आणि दुसऱ्याची चढली असेल तर ऑइल रस्त्यावर गळत नाहीये, मधून पलीकडे जातंय. मग गाडीखाली पुठ्ठा टाकून डाग शोधण्यात रविवार घालवू नका.