मोटिलिटी: जिवाणू पोहतोय की नुसता थरथरतोय?

मोटिलिटी म्हणजे पेशीने स्वतःची ऊर्जा खर्चून केलेली हालचाल, मराठीत चलनक्षमता. मूळ लॅटिन ‘मोवेरे’, म्हणजे हलवणे.

ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायला कव्हरस्लिपच्या (पातळ काचेच्या छोट्या तुकड्याच्या) चारही कोपऱ्यांना व्हॅसलिन लावा. मधोमध १८ ते २४ तासांच्या ब्रॉथ कल्चरचा (द्रव माध्यमात वाढवलेल्या जिवाणूंचा) छोटा थेंब ठेवा. खळग्याची स्लाइड (मधे खोलगट भाग असलेली काचपट्टी) त्यावर पालथी दाबून झटकन उलटा. थेंब लोंबता राहायला हवा. मोठा झाला तर खळग्याच्या तळाला टेकतो आणि सगळं फुकट जातं. प्रकाश कमी करा, नाहीतर रंगहीन जिवाणू दिसतच नाहीत. १०एक्सवर (दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) थेंबाची कड पकडा, मग ४०एक्स.

जागच्या जागी थरथर ही ब्राउनियन गती, म्हणजे द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी हालचाल. मेलेले जिवाणूही तशी करतात. सगळे एकाच दिशेला वाहत असतील तर तो द्रवाचा प्रवाह. एखादा शेजाऱ्यांना ओलांडून, वळण घेत निघाला, तरच त्याला मोटाइल, म्हणजे चलनक्षम म्हणा. काम झाल्यावर स्लाइड जंतुनाशकात बुडवा.