व्हॉल्व बदलायचा म्हणालेत? सही करण्याआधी एवढं विचारा

आमच्या काकांना गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हृदयाचा व्हॉल्व, म्हणजे झडप, बदलायला सांगितला तेव्हा घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, खर्च किती. तो विचाराच, दीनदयाळ या गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड असेल तर पहिल्याच दिवशी सोबत न्या, पण त्याआधी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट पुढे ठेवून विचारा की व्हॉल्व कुठला, आणि अरुंद झालाय की गळतोय, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

मायट्रल (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला व्हॉल्व) गळत असेल तर रिपेअर होईल का विचारा, आपलाच व्हॉल्व राहिला तर बरंच. लहानपणीच्या रुमॅटिक तापाने मायट्रल अरुंद झाला असेल तर कधीकधी नुसत्या फुग्याने तो रुंद करूनही काम भागतं. एओर्टिक (हृदयातून महाधमनीत जातानाचा व्हॉल्व) अरुंद आणि माणूस सत्तरीपुढचा असेल तर टावीचं विचारा, मांडीच्या रक्तवाहिनीतून नवा व्हॉल्व नेऊन जुन्याच्या आतच बसवतात, छाती उघडत नाहीत. 2002 मध्ये फ्रान्सात आलाँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा केलं ते छाती उघडून ऑपरेशन झेपणारच नाही अशा पेशंटवर, आता तसं राहिलं नाही. महाग आहे मात्र, आणि आधी सीटी स्कॅनवर माप घेतात, प्रत्येकाला जमतंच असं नाही.

खरी डोकेफोड म्हणजे मेटलचा की टिश्यूचा (जनावराच्या ऊतीपासून केलेला). टिश्यूचा साधारण 10-15 वर्षं जातो, मग परत तेच. मेटलचा टिकतो (तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा आपला देशी व्हॉल्वही याच जातीचा), पण रक्त पातळ करायची वॉरफरिन जन्मभर आणि आयएनआरची (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा) तपासणी सुटत नाही, म्हणून सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावात राहत असाल तर जवळची लॅब कुठली ते आधी बघा. पुढे मूल हवं असलेल्या मुलीने तर हे व्हॉल्व ठरायच्या आधीच सांगायचं, वॉरफरिन गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकते.

काकांनी मेटलचा घेतला. श्रावणात तायकिळा, तांबडी भाजी रोज ताटभर खाल्ली आणि आयएनआर खाली आला, म्हणजे गोळीचा असर कमी झाला. पालेभाजी बंद नाही करायची हां, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच ठेवायची. अंगदुखीची गोळी फार्मसीतून मनानेच घेऊ नका, आणि दात काढायच्या आधी डेंटिस्टला व्हॉल्वचं सांगा.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री काकांनी काकीला उठवून भिंतीवरचं घड्याळ उतरवायला लावलं, टिकटिक झोपू देत नाही म्हणून. घड्याळ बाहेर पडवीत गेलं तरी टिकटिक खोलीतच.